गाडी उंबऱ्यावर टेकते तेव्हा

खडकाळ वाटेवर पुढचं चाक मोठ्या दगडावर चढतं, पलीकडे उतरतं, आणि मागचं चाक त्या दगडाशी पोचण्याआधीच गाडी कडेने खाली बसते. कर्रर्र असा आवाज येतो. आत बसलेले एकमेकांकडे बघतात आणि ड्रायव्हर कोणाकडेच बघत नाही.

दगड जिथे लागला तो भाग म्हणजे दरवाज्यांच्या खालचा, पुढच्या आणि मागच्या चाकांमधला लांब पट्टा. रॉकर पॅनल हे त्याचं नाव. मी त्याला गाडीचा उंबरा म्हणतो, कारण दार त्याच्यावरच येऊन मिटतं. घराचा उंबरा दगडाचा नाहीतर सागवानी असतो, हा मात्र घडी घातलेल्या पातळ पत्र्याचा. बाहेरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. तो चेपला की दार अडकतं, आणि मडगार्डसारखा बोल्ट काढून नवा लावता येत नाही. कापून, नवा तुकडा बसवून वेल्डिंग करावं लागतं. म्हणून खडकात गाडी घालणारे लोक उंबऱ्याखाली, त्याला समांतर, पोलादी पाइपची भक्कम चौकट बसवतात. तोच रॉक स्लायडर. त्याची कामं दोन: गाडीचं वजन पेलायचं, आणि अडकून न बसता दगडावरून घसरायचं.

दिसायला पायरीसारखा असतो म्हणून बरेच जण पायरीलाच स्लायडर समजतात. चढायची पायरी एका माणसाच्या वजनासाठी बनलेली असते आणि पातळ पट्ट्यांवर लटकलेली असते. गाडी तिच्यावर बसली तर पायरी वर जाते आणि उंबऱ्यात घुसते. दगडाने केलं असतं त्याहून वाईट नुकसान ती करते.

पुढचं सगळं शिडीसारखी वेगळी चासी असलेल्या गाड्यांबद्दल आहे: दोन लांब पोलादी पोकळ पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि वर रबरी गुटक्यांवर ठेवलेली बॉडी. चासी वेगळी नसलेल्या गाड्यांमध्ये उंबरा हाच सांगाड्याचा भाग असतो; तिथलं गणित निराळं आहे.

वजन कुठल्या वाटेने जातं

स्लायडरबद्दल बोलताना लोक आधी पाइपची जाडी विचारतात. मी आधी विचारतो, हा पाइप चासीला धरलाय कसा? दगडाचा दाब पाइपवर येतो, पाइपमधून आडव्या हातांमध्ये (म्हणजे पाइपला चासीशी जोडणाऱ्या आखूड तुकड्यांमध्ये), हातांमधून जोडपट्टीत (हात आणि चासी यांच्यामधल्या पोलादी पट्टीत) आणि तिथून चासीत. ही साखळी जिथे सर्वांत कच्ची, तिथे ती तुटणार. आणि ती कच्ची जागा बहुतेक वेळा पाइप नसतो, चासीजवळचा जोड असतो.

का, ते समजून घ्यायला घरातलं दार ढकलून बघा. मुठीजवळ ढकललं तर एका बोटाने हलतं, बिजागरीजवळ ढकललं तर पंजा लावावा लागतो. जोर लागण्याची जागा बिजागरीपासून जितकी लांब, तितका त्याचा परिणाम मोठा. स्लायडरमध्ये चासी ही बिजागरी आणि दगड हे बोट. दोघांमधलं अंतर साधारण ३०० मिलिमीटर धरा.

आता थोडे आकडे. सामानासकट २,४०० किलोची गाडी घेऊ. एका बाजूचा सगळा भार स्लायडरवर आला तर १,२०० किलो, म्हणजे सुमारे १२,००० न्यूटन. गुणिले ०.३ मीटर, म्हणजे वाकवणारा जोर ३,६०० न्यूटन-मीटर. तीन हात असतील आणि तिघांनी भार सारखा वाटून घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला १,२०० येतात.

हात ५० बाय ५० मिलिमीटरच्या, ५ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपचा असेल तर त्याच्या मुळाशी सुमारे १०० मेगापास्कल ताण येतो (एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन). साधं एमएस (माइल्ड स्टील) पोलाद २५० मेगापास्कलच्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे ठीक चाललंय. तोच हात ४४ मिलिमीटर व्यासाच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या गोल पाइपचा केला तर ताण ३०० च्या वर जातो. तो हात नुसत्या उभ्या वजनानेच वाकला.

पण गाडी कधी अलगद टेकत नाही. कुठलंही वजन उंचीवरून न पडता नुसतं एकदम सोडलं, तरी आधारावर क्षणभर दुप्पट भार येतो. म्हणजे चौकोनी हातावरचे १०० लगेच २०० झाले. वीतभर उंचीवरून गाडी आदळली तर दुपटीहून जास्त. आणि तिन्ही हात भार सारखा वाटून घेतात हेही मनाचं समाधान आहे. दगड टोकदार असतो, नेमका एका हाताखाली येतो, आणि मग त्या एकट्यावरचा ताण ३०० मेगापास्कलच्या जवळपास जातो. माझ्या मते चांगल्या स्लायडरला प्रत्येक बाजूला चार हात हवेत, तीन ही तडजोड. मात्र एकाच हातावर आलेला भार शेजाऱ्यांपर्यंत पोचवायला हातांना जोडणारा लांब पाइपही ताठ लागतो, नाहीतर चौथा हात नुसता शोभेला.

हातांमधलं अंतर वाढवणं फार महागात पडतं, तेही इथेच सांगतो. दोन आधारांमध्ये पाइप किती लवतो हे अंतराच्या घनावर ठरतं. अंतर दुप्पट केलं की लवणं आठपट.

चौकोनी की गोल

बाहेरचं माप आणि जाडी तीच ठेवली तर चौकोनी पाइप गोल पाइपपेक्षा वाकण्याला सुमारे १.७ पट जास्त विरोध करतो, आणि वजन मात्र २७ टक्केच वाढतं. कारण साधं आहे. वाकताना खरा भार सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या थराला पेलावा लागतो; चौकोनात त्या दोन्ही थरांत भरपूर धातू असतो, गोलात तो कडेला पसरलेला असतो.

मग गोल का वापरतात? तो बेंडरमध्ये सुबक वळतो आणि दगडावरून सहज घसरतो, त्याला धारदार कोपराच नसतो. माझी आवडती रचना दोन्ही मिळून होते: उंबऱ्याजवळचा मुख्य पाइप आणि हात चौकोनी, ५ मिलिमीटरचे, बाहेरची घसरती कड गोल पाइपची, आणि दोघांमध्ये हातांच्या रेषेतच छोटे आडवे तुकडे. ही बाहेरची कड मात्र हाताची लांबी वाढवते, म्हणजे बिजागरीपासून बोट आणखी लांब गेलं. ऐसपैस पायरी हवी म्हणून ती वीतभर बाहेर काढणाऱ्यांनी वरचं गणित पुन्हा करून बघावं.

जाडीचा आणखी एक हिशेब आहे. तेवढ्याच वजनात मोठा आणि पातळ पाइप कागदावर जास्त ताठ ठरतो. पण दगड कागद वाचत नाही. पातळ पाइपला एका जागी पोचा पडतो, पोचा पडला की त्याचा आकार गेला, आणि आकार गेला की ताठपणा गेला. म्हणून दगड लागणाऱ्या जागी ५ मिलिमीटर.

विकत घेताना एक घोळ होतो, तो माझाही झाला. नळाचा पाइप आणि सांगाड्याची ट्यूब या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नळाच्या पाइपचं नाव आतल्या पोकळीवरून पडतं, म्हणून 'दीड इंची' पाइप बाहेरून ४८ मिलिमीटर भरतो. ट्यूब बाहेरच्या मापाने विकली जाते. मी पहिल्या स्लायडरसाठी पाणी वाहायला बनलेला पाइप आणला होता. पहिल्याच खडकाने तो आत ढकलला, दाराची खालची कड त्यात अडकली, आणि मला पलीकडच्या दाराने उतरावं लागलं.

ट्यूबमध्ये ईआरडब्ल्यू म्हणजे पट्टी गुंडाळून शिवण वेल्ड केलेली, आणि डीओएम म्हणजे तीच पुढे साच्यातून थंड ओढून काढलेली, मापाला नेमकी आणि जास्त बळाची. चांगली ईआरडब्ल्यू या कामाला पुरते. शिवण तेवढी खालच्या बाजूला येऊ देऊ नये. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा मोह होतो. त्याचं बळ जास्त असतं हे खरं, पण ताठपणा सगळ्या पोलादांचा जवळजवळ सारखाच, त्यामुळे क्रोमोली घेऊन जाडी कमी केली की स्लायडर मोडणार नाही, पण लवून उंबऱ्याला लागेल. आणि ॲल्युमिनियम? पोलादाच्या एक तृतीयांश ताठपणा, शिवाय मऊ, त्यामुळे दगडावर घसरण्याऐवजी तो दगडाला चिकटतो. हलकी गाडी हवी असेल तर सामान कमी करा.

फळी उलटी टांगलेली

भिंतीतून बाहेर आलेल्या फळीवर वजन ठेवलं तर ती वरच्या बाजूने भिंतीपासून सुटायला बघते. म्हणून आपण वरचा स्क्रू जास्त पक्का करतो. स्लायडरमध्ये जोर खालून वर येतो, त्यामुळे सगळं उलटं होतं: जोडपट्टीचा वरचा भाग चासीत दाबला जातो आणि खालचा भाग चासीपासून उचकटला जातो. वेल्ड असो की बोल्ट, मजबुती खालच्या कडेला हवी. घरी बनवलेल्या कित्येक स्लायडरांमध्ये मी हेच चुकलेलं बघितलंय. वर सुंदर तिकोनी पट्ट्या, खाली वेल्डचा एखादा साधा टाका. एल आकाराची जोडपट्टी चासीच्या पोटाखालीही वळवली तर हा ओढ घेणारा भाग चांगला धरला जातो.

जोडपट्टी लागतेच, हात थेट चासीवर चिकटवायचा नाही. चासीची भिंत बहुतेक वेळा तीन-चार मिलिमीटरची असते, आणि पाच मिलिमीटरच्या हाताच्या चार कडा तिच्यात पेपरपंचसारख्या घुसतात. पाच-सहा मिलिमीटरची पट्टी मध्ये घालायची, उंचीला चासीच्या जवळजवळ पूर्ण, म्हणजे दाब पोकळ पट्टीच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतो. पोकळ चौकटीचं बळ कोपऱ्यांत असतं, मधल्या सपाट भागात नाही.

पट्टीचे कोपरे गोल करा, आणि शक्य तर पट्टी चौरसाऐवजी शंकरपाळीच्या आकाराची कापा. याला कारण आहे. चालताना चासी सतत थोडी वर-खाली वाकत असते, आणि त्या वाकण्याचा ताण तिच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पृष्ठभागावर सर्वाधिक असतो. तिथे आडवा, चासीला काटकोनात जाणारा वेल्ड मारला की चिरेला आयती रेघ आखून दिली. ती लगेच दिसत नाही. हजारो वेळा वाकल्यावर उघडते. कडेच्या भिंतीवर मधल्या उंचीला वाकण्याचा ताण सर्वांत कमी, म्हणून वेल्ड जमेल तितके तिथे, लांबीच्या दिशेने किंवा तिरके. पोटाखाली वळवलेल्या पट्टीलाही फक्त लांबीच्या दिशेने टाके.

यातून एक क्रम ठरतो, आणि स्लायडर बनवणाऱ्याने तो आधी ठरवावा: अति झालं तर आधी काय वाकावं? बाहेरचा पाइप. मग हात. चासी कधीच नाही. हात अवाढव्य आणि जोडपट्टी काडेपेटीएवढी, अशी रचना केली तर स्लायडर शाबूत राहतो आणि चासीचा तुकडा फाडून घेऊन येतो.

वेल्ड की बोल्ट

वेल्ड केलेला स्लायडर खडखडत नाही, सैल होत नाही. पण तो कायमचा, आणि वेल्ड चुकला तर चासीच बिघडते. बोल्टचा काढता येतो, गंज तपासता येतो, चासीला उष्णता लागत नाही. बोल्टच्या स्लायडरला कमी लेखायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. वरवर बसलेल्या सुबक वेल्डपेक्षा नीट बनवलेला बोल्टचा जोड केव्हाही बरा.

नीट म्हणजे काय? चासीभोवती यू-बोल्ट किंवा कारखान्यातून आलेल्या भोकांतून जाणारे बोल्ट, किमान ८.८ प्रतीचे. या आकड्यातला पहिला ८ सांगतो की बोल्ट ८०० मेगापास्कलला तुटतो, दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा ताणला जातो. पोकळ चासीतून आरपार बोल्ट नेला तर आत नळीचा तुकडा घालायलाच हवा, नाहीतर आवळताना चासीच्या दोन्ही भिंती एकमेकींकडे चेपतात आणि बोल्ट कितीही आवळला तरी सैलच राहतो. नवी भोकं पाडायची असतील तर वरच्या-खालच्या पृष्ठभागावर नको, कडेला.

गाडीखाली शिरल्यावर

माप घेताना गाडी स्वतःच्या चाकांवर, सपाट जागेवर उभी हवी. मग चासीवर खडूने नको असलेल्या जागा आखून घ्या: बॉडीचे रबरी गुटके, ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या, वायरिंग, सायलेन्सर, गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीचे बोल्ट. उरलेल्या जागांत हात. समान अंतर मिळणार नाही, हरकत नाही. पण दोन टोकांचे हात टोकांच्या जवळ ठेवा, कारण बाहेर लोंबणारं टोक सगळ्यात आधी वाकतं.

स्लायडर आणि उंबऱ्यात १५ ते २५ मिलिमीटरची फट ठेवा. बॉडी रबरावर बसलेली असते, चासी पिळवटते, दोघांची हालचाल एक नसते. फट ठेवली नाही तर दगडाशिवायच उंबरा घासून निघेल. हात बाहेरच्या दिशेला किंचित वर चढते ठेवले तर चासीखाली काही लोंबत नाही. पुढचं टोक ठरवताना स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबल्यावर टायर कुठे येतो ते बघा. दोन्ही टोकं तिरकी कापून बंद करा. उघडं टोक म्हणजे दगडाला अडकायला कोयता. मागचं टोक थोडं बाहेर वळवलं तर झाडाच्या बुंध्याजवळून वळताना तेच बुंध्याला टेकतं आणि मागचा पत्रा वाचतो.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा. अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, उघड्या धातूवर. दूर लावला तर प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो. इंधनाच्या नळ्या झाकणं पुरेसं नाही, शक्य तिथे बाजूला करा, आणि अग्निशामक घेऊन एक माणूस नुसता बघत उभा हवा, कारण काचेआड असलेल्याला मागची आग दिसत नाही. जस्ताचा थर घासून काढा, त्याच्या धुराने ताप भरतो. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्ड कधीही करू नका; त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

आधी भंगारातल्या तेवढ्याच जाडीच्या तुकड्यांचा टी आकाराचा जोड करून हातोड्याने मोडा. पोलाद वाकलं आणि वेल्ड राहिला तर मशीन आणि तुमचा हात दोन्ही तयार. वेल्ड सोलल्यासारखा निघाला तर तो वरवर बसला होता, कितीही चकचकीत दिसला तरी. चासीवर करताना उष्णता जाड पट्टीकडे रोखायची, पातळ चासीकडे तिला आपसूक वाहू द्यायची. एका हाताचा एक इंच, मग दुसऱ्या टोकाचा एक इंच, असं फिरत राहा. एकाच जागी बसून संपवलं की लांब पाइप केळीच्या सालासारखा वळतो.

अशी एक जोडी साधारण ५५ ते ६० किलोची होते.

रंगाआधी परीक्षा घ्या. स्लायडर आणि उंबऱ्यातली फट तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा. मग स्लायडरच्या मधोमध जॅक लावून त्या बाजूची दोन्ही चाकं उचला; गाडीखाली कोणीही नको, पलीकडच्या चाकांना दगडाची ओट लावलेली. फट थोडी कमी होईल. दार उघडून बंद करून बघा. गाडी खाली घेतल्यावर फट पुन्हा पहिल्या मापावर आली तर धातू स्प्रिंगसारखा वागला, उत्तम. दोन-तीन मिलिमीटर परत आलीच नाही, तर कुठेतरी काहीतरी कायमचं वाकलंय, आणि ते आत्ता शोधायचं.

रंगाबद्दल फार विचार नको. पावडर कोटिंग छान दिसतं, पण दगडाने टवका उडाला की त्याच्या कडेने पाणी आत शिरतं आणि वरून चकचकीत राहून खालून गंजतं. साधा प्रायमर आणि डब्यातला काळा रंग दर दौऱ्यानंतर पुन्हा मारता येतो. गरम जस्तात बुडवून घ्यायचं असेल तर बंद पाइपांना आधी भोकं हवीतच. आत कोंडलेली हवा आणि ओल तापून पाइप फुटू शकतो. एरवीही खालच्या बाजूला पाणी निथळायला एखादं छोटं भोक असू द्या.

बोल्टचा स्लायडर असेल तर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. वेल्डचा असेल तर खाली झोपून, टॉर्च घेऊन, जोडपट्टीच्या कडा बघा. रंगावर वेल्डच्या काठाने केसासारखी तांबूस रेघ दिसली तर ती पुसून वर रंग मारू नका. तिथला रंग खरवडा, कारण त्या रेघेखाली गंज नसून बहुधा चीर असते, आणि गंज तिच्यातून बाहेर आलेला असतो.